मास्तरांच्या रेघा

गावात कुणी मेलं की चार माणसं बसतात आणि गेलेल्याचं गुणगान गातात. जगाची रीत आहे, त्यात वाईट काही नाही. आमच्या वेशीजवळचा म्हातारा सुतार गेला तेव्हाही तेच चाललं होतं. कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "लई चांगला माणूस व्हता." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "कोणापेक्षा?"

मास्तर होते ते. थट्टा नव्हती त्यात, कुचकेपणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सुताराचा पोरगा अंगावर धावून आला, तेव्हा मी मध्ये पडलो आणि मास्तरांना दंडाला धरून घरी आणलं. वाटेत म्हणालो, "मास्तर, मयताच्या घरी तरी जीभ आवरावी माणसानं." ते म्हणाले, "पैलवान, मी काय वाईट बोललो? नुसतं चांगला म्हटल्यानं काय कळतं? तो त्याच्या धाकट्या भावापेक्षा चांगला होता. तेवढं जरी बोलले असते तर म्हाताऱ्याचा मान राहिला असता." धाकटा भाऊ तिथंच मांडीला मांडी लावून बसला होता. मास्तरांनी हे तिथं बोलून दाखवलं नाही, एवढीच मारुतीरायाची कृपा.

निजामाच्या सरकारानं आमच्या गावात शाळा काढली, त्या शाळेवर हे औरंगाबादेकडून बदलून आलेले. केजपासून आमचं गाव तसं आडवळणाला, त्यामुळं तिथं यायला कुणी राजी नसे. मास्तर आले आणि आमच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहिले. डोक्यावर निजामी नोकरांची असते तशी रुमी टोपी, अंगात विटलेली काळी शेरवानी, हातात बाभळीची काठी. अंगानं इतके किरकोळ की भरलेली घागर उचलायची म्हटली तर माझ्या मायलाच त्यांची दया यायची. काही वर्षं राहिले आणि मग परत बदली होऊन गेले. पुढं कुठं गेले, कसे गेले, मला पत्ता लागला नाही. पण त्यांच्याइतका विचार मी सख्ख्या भावाचाही केला नसेल.

त्यांच्या शाळेत 'सर्वात' हा शब्द बोलायची मनाई होती. पोरगं म्हणालं, सर्वात मोठी नदी, की काठी आपटायची, "सगळ्या मोजल्यास का तू?" ऊन लई हाय म्हटलं की विचारायचे, "कालच्यापेक्षा?" माय कधी हौसेनं विचारायची, "मास्तर, आज कालवणात मीठ जास्त पडलं का?" हा माणूस घास तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, "मंगळवारपेक्षा जास्त, कालच्यापेक्षा कमी." माय पदर तोंडाला लावून हसायची. मला मात्र संताप यायचा. भाकरी खायची का तागडीत तोलायची, असं मी एकदा तोंडावर बोललोही. त्यांनी शांतपणे भाकरी खाल्ली.

पण या माणसाचं खरं वेड कुस्ती. स्वतः आयुष्यात लंगोट नेसला नसेल. तरी रोज संध्याकाळी शाळा सुटली की तालमीत हजर. जोडे बाहेर काढायचे, कुस्तीच्या हौद्याच्या कडेची चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि भिंतीला टेकून बसायचं. पोरं घाम गाळत असायची आणि हे बघत असायचे. आखाडा उठला की मग म्हाताऱ्यांना धरायचे. अमक्या सालच्या जत्रेत अमका पडला म्हणता, तो कुणाच्या हातून पडला? त्या साली पाऊस कसा होता? दूधदुभतं होतं का? तो आजारातून उठलेला होता का? म्हातारे आधी खूश व्हायचे, मग कंटाळायचे, मग मास्तर दिसले की काठी टेकत उठून जायचे.

त्यांचा हिसाब असा होता. मातीत काठीनं एक आडवी रेघ ओढायची. ही त्या काळातल्या साध्या गड्यांची पातळी. मग त्या रेघेवर एकेका नामांकित पैलवानाची उभी रेघ. तो आपल्या काळच्या गड्यांपेक्षा किती वर होता, तेवढीच त्याची उंची. किती कुस्त्या मारल्या याला ते फारसं विचारत नसत. म्हणायचे, "माळावरची बाभळ लांबून उंच दिसते. आमराईतलं झाड तिच्यापेक्षा उंच असलं तरी नजरेत भरत नाही. म्हणून आधी भोवताल बघायचं." सगळी मांडामांड झाली की थोडा वेळ बघायचे आणि पायानं सगळं पुसून टाकायचे. कागदावर त्यांनी यातलं अक्षर लिहिलं नाही. मी विचारलं, "कावून पुसता? इतकी डोकेफोड केली, राहू द्या की." तर म्हणाले, "उद्या एखादी नवी गोष्ट कळेल. मग आजची रेघ खोटी पडेल. खोटी रेघ कशाला ठेवायची?"

एकदा तर त्यांनी सगळ्या गावाला आडवं घेतलं. जुने पैलवान थोर का नवे, असा वाद चालला होता. मास्तर म्हणाले, "तुमच्या जुन्या काळची आडवी रेघ मला नीट काढताच येत नाही. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या गड्यांना तुम्ही हौद्यात उतरूच दिलं नाही. त्यांच्यात कोण होता, कोणापेक्षा होता, हे आता देवालाच विचारायचं. त्यामुळं तुमच्या आजोबांची रेघ मी काढीन, पण ती अर्धी खरी समजा." दुसऱ्या दिवशी मास्तरांना तालमीत बसायला कुणी जागा देईना. ते उभेच राहिले, आणि आठवडाभर उभेच राहून बघत होते.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत.

माझे वडील, त्यांना सगळा मुलूख आबा म्हणायचा, मोठे पैलवान होते. कोणापेक्षा ते पुढं येईलच. मी मिसरूड फुटायच्या आतच ते वारले. त्यांची जोडी, म्हणजे मुद्गलासारख्या फिरवायच्या लाकडी करेलांची जोडी, आमच्या तालमीत मारुतीच्या कोनाड्याशेजारी टांगलेली होती. तालमीच्या वस्तादांनी ती टांगली होती आणि बजावलं होतं की आबांच्या तोडीचा गडी निघेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. वस्ताद आबांचे गुरुबंधू. दोघं एकाच हौद्यात वाढलेले. त्यामुळं त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

मी कुस्त्या मारल्या. केजला मारल्या, धारूरला मारल्या, बीडपर्यंत जाऊन मारल्या. आबांनी जन्मात मारल्या नसतील तेवढ्या मारल्या, हे वस्तादही कबूल करायचे. आणि मग म्हणायचे, "पर बापाची सर न्हाई. तवाचं दूध येगळं, तवाचं तूप येगळं, तवाचे गडीच येगळे." मेलेल्या बापाशी कुस्ती लागत नसते. फेटा बांधून, गुलाल घेऊन घरी यायचो आणि अर्ध्या ताटावरून उठायचो. तिशी आली होती. अजून दोन-चार वर्षं, मग मीही भिंतीला टेकून बसणार होतो. ती जोडी माझ्या हातात यावी यापलीकडं मला देवाकडं काही मागायचं नव्हतं. हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. मास्तरांना बोललो.

म्हणालो, "मास्तर, साऱ्या मुलखाच्या रेघा काढता. आबांची आन् माझी काढा."

ते लगेच हो म्हणाले नाहीत. उलट घाबरल्यासारखे झाले. "पैलवान, उत्तर उलटं आलं तर?"

"आलं तर आलं. एकदा कळू तरी द्या."

तेव्हापासून ते आबांच्या मागं लागले. आबांचं सगळं नाव एका कुस्तीवर उभं होतं. आमच्या गावची जत्रा चैत्री पुनवेची, मारुतीच्या जन्माची. त्या जत्रेत आबांनी तेलगावच्या खानाला चीत केलं होतं. खान म्हणजे त्या काळचा नावाजलेला पैलवान, त्याची पाठ कुणी बघितली नव्हती. कुस्ती लई वेळ चालली. शेवटी खानाचा दम उखडला आणि आबांनी त्याला उलथवला. वस्ताद ही गोष्ट सांगायला लागले की त्यांचा स्वतःचा श्वास फुलायचा. "आबाचा दम म्हंजे काय सांगू. खानासारखा गडी धापा टाकाय लागला, आन् आबा हाय तसा."

मास्तरांना हेच खटकलं. ते आजूबाजूच्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारत सुटले. खान आधी कधी दमला होता का? नाही. पुढं कधी दमला? नाही. मग त्या एका दिवशीच का दमला? मी म्हणालो, "समोर आबा व्हते म्हणून." मास्तर म्हणाले, "तसं असेल तर आबांची रेघ आभाळाला लागेल. पण मला खात्री करू द्या."

आणि एका सुट्टीत बैलगाडी बघून हा माणूस सरळ तेलगावला गेला. खान जिवंत होते, म्हातारे झाले होते, दिसत कमी होतं. त्यांच्या दारात जाऊन यानं विचारलं की त्या दिवशी तुमचा दम का उखडला. दुसरा कुणी असता तर खानांच्या पोरांनी त्याला विहिरीत टाकला असता. मास्तरांना त्यांनी चहा पाजला.

परत आले ते गोठ्यापुढं बसले. मीही बसलो. मास्तर म्हणाले, "पैलवान, आपलं कसं असतं बघा. कचेरीत फसली साल, देवळात शके, मशिदीत हिजरी. तीन सालं एकाच वेळी चालतात आणि आपण आपलं तेवढं बघतो. मुसलमानी वर्षाला अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरसाल मागं सरकतो. पावसाळ्यातून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून थंडीत. सगळे ऋतू फिरून बत्तीस-तेहतीस वर्षांनी परत जागेवर येतो. मी येताना गाडीत तेच मोजत आलो. आबांच्या त्या कुस्तीच्या साली चैत्री पुनव भर रमजानात आली होती."

मला आधी काही उमजेना. मग उमजलं.

"खानांना रोजा व्हता?"

"होता. चैत्राच्या उन्हात, पाण्याचा थेंब न घेता लढले. मी विचारलं, तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही? तर म्हातारा म्हणाला, हौ, रोजा था. मगर रोजा मेरा था, कुस्ती दोनों की थी. हारा सो हारा, उसमें रोजेकू काइकू लाना?"

बापाच्या मोठेपणाखालची माती सरकताना बघणं सोपं नसतं. आणि खोटं कशाला बोलू, पोटात कुठंतरी बरंही वाटत होतं.

मास्तर जरा घुटमळले आणि म्हणाले, "अजून एक बोलले. आबांचेही ओठ सुकून पांढरे पडले होते म्हणे. खानांना वाटलं, हा डरला आहे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "माझा बाप कुणाच्या बापाला भ्याला न्हाई. म्हाताऱ्याला म्हणावं, तोंड सांभाळून बोल."

"मी फक्त ऐकलं ते सांगितलं. ही गोष्ट माझ्या हिसाबात कुठं बसत नाही. म्हणून बाजूला ठेवली आहे."

मग त्यांनी काठी घेतली, आडव्या रेघा ओढल्या, आबांची उभी रेघ काढली, माझी काढली. खानांच्या रोज्यापायी आबांची रेघ वरून बोटानं थोडी पुसली. माझी रेघ आबांच्यापेक्षा उंच राहिली. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते मातीत समोर दिसत होतं. मी ते डोळे भरून बघतोय तोवर मास्तरांनी पाय फिरवला.

मी तसाच उठून वस्तादांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुज्या मास्तरच्या रेघा मला कळत न्हाईत. यंदा खानाचं पोरगं येतंय जत्रेला. आबानं बापाला पाडलं, तू लेकाला पाड. माज्या हातानं जोडी उतरवून देतो." तालमीतल्या सगळ्यांनी ऐकलं. आता माघार नव्हती आणि मला घ्यायचीही नव्हती.

घरी येऊन मास्तरांना हे सांगितलं तर ते विचारात पडले. म्हणाले, "पैलवान, यंदा चैत्री पुनव पुन्हा रमजानात आहे." बस, एवढंच बोलले. काय करा, काय नका करू, एक अक्षर नाही. आत जाऊन पोरांच्या पाट्या तपासायला बसले. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. माणसानं एक तर सल्ला द्यावा, नाही तर तोंड मिटून बसावं.

मी काय करू शकत होतो? जत्रेची तिथी हलत नाही. खानाच्या लेकाला रोजा सोड म्हणायला मी कोण? आणि मी पोटभर दूध पिऊन त्या तहानलेल्या गड्याला पाडला असता तर गावानं मला डोक्यावर घेतलंच असतं. पण संध्याकाळी मास्तरांनी रेघ काढली असती आणि वरून बोटानं पुसली असती. धर्म आणि दया या गोष्टी माझ्या मनातही नव्हत्या. मला त्या बोटाची धास्ती होती.

कुस्तीच्या दिवशी सकाळी दूध द्यायचं ते मायनंच. बदाम वाटून, खडीसाखर घालून, कोमट करून. माझ्या बायकोलाही ती त्या चरवीला हात लावू द्यायची नाही. जत्रेच्या दिवशी सकाळी ती चरवी घेऊन गोठ्यापुढं आली. मास्तर त्यांच्या उंबऱ्यात दात घासत बसले होते. मी म्हणालो, "माय, आज नको."

ती थांबली. "कावून?"

"आज नको. काहीच नको. पाणीबी नको."

ती चरवी खाली ठेवून तिथंच जमिनीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तेबी असंच म्हणले व्हते."

"कोण?"

"तुजे आबा. खानाच्या कुस्तीच्या दिवशी. मी नवीच नांदाय आलते. पहिल्यांदा माज्या हातानं दूध केलं, घेऊन गेले. तर म्हणले, आज नको, पाणीबी नको. दिवसभर काई घेतलं न्हाई त्यांनी. दिवस मावळल्यावर मागून प्याले. मला वाटलं, माज्या हातचं नको झालं. नाय तर मीच काई चुकले. कधी विचारलं न्हाई. त्यांनी कधी सांगितलं न्हाई." आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "इतकी वरसं मी तेच धरून बसले रे."

ती रडायला लागली. दुःखाचं रडणं नव्हतं ते, सुटकेचंही नव्हतं, दोन्ही एकदम असावं. मी तिच्याजवळ बसून राहिलो. मला आबांचे पांढरे पडलेले ओठ दिसत होते. त्यांना ठाऊक होतं. खानांना रोजा आहे हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं, आणि त्यांनी बोभाटा न करता आपलंही तोंड बांधून घेतलं होतं.

मास्तर उंबऱ्यातून उठून आले होते. हातातलं राखेचं बोट तसंच होतं. ते दोन्ही हात जोडून उभे राहिले. कोणाला हात जोडले, मला कळलं नाही.

कुस्तीचं फार सांगत नाही. ज्यांनी बघितली त्यांनी पुढं मीठमसाला लावून पुष्कळ सांगितली. चैत्राचं ऊन, खाली तापलेली माती. तोंडात जीभ लाकडाची झाली होती. खानाचा लेक माझ्यापेक्षा वयानं लहान, अंगानं भारी आणि मनानं सरळ. डोळ्यात माती फेकणं, बोट पिरगाळणं असलं काही त्याला शिकवलेलंच नव्हतं. दोघांनाही दम पुरेना. एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक, लोक ओरडत होते, वस्ताद घसा फोडून सांगत होते, आणि आम्ही श्वास गोळा करत होतो. शेवटी त्याचा पाय वाळूसारख्या मातीत सरकला. मी घिस्सा मारला आणि तो चीत झाला.

गुलाल उधळला, हलगी वाजली. कुणीतरी पाण्याचा तांब्या तोंडाशी आणला. मी तो हातानं बाजूला केला. खानाचा लेक मातीतून उठत होता. त्यानं ते बघितलं. माझ्या ओठांकडं बघितलं. दिवस मावळला, बांग झाली, तेव्हा तो गर्दीतून मला शोधत आला. त्याच्या हातात खजूर होते. एक त्यानं माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. मी म्हणालो, "तुमच्या वडलांना एक निरोप सांगा. त्या दिवशी आबा डरले नव्हते. त्यांनीबी पाणी घेतलं नव्हतं." तो म्हणाला, "आजच बोलता मैं उनकू." आणि जत्रा अर्धी टाकून तेलगावच्या वाटेला लागला.

वस्तादांनी शब्द पाळला. स्वतः घडवंचीवर उभं राहून जोडी उतरवली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. मी त्यांना सकाळची गोष्ट सांगितली. "मला बोलला न्हाई," म्हातारा म्हणाला, "एका ताटात जेवायचो, मला बोलला न्हाई." मी त्यांच्या पाया पडून निघालो.

घरी आलो तर मास्तर गोठ्यापुढं उकिडवे बसले होते. पुनवेचा उजेड होता. मातीत आडवी रेघ तयार होती. मला बघून म्हणाले, "या, पैलवान. आता हिसाब सरळ आहे. तीच तिथी, तोच महिना, तेच घर, तोच उपास. अशी जोड मला जन्मात पुन्हा मिळायची नाही." मग म्हणाले, "पण रोज्याला पहाटे खातात, पैलवान. तुम्ही रात्रीपासून काही खाल्लं नाहीत, असं तुमची माय सांगत होती."

"मला कोण सांगणार? मुसलमानाच्या घरी वाढलो का मी?"

"आबांनाही कुणी सांगितलं नसणार," ते म्हणाले. "तेव्हा तेही सारखंच."

त्यांनी आबांची रेघ काढली. तिच्या शेजारी माझी काढली. काठी आडवी धरून बघितली. दोन्ही रेघा अगदी बरोबरीच्या होत्या. मास्तरांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. गणित सुटलं की शाळेतलं पोरगं हसतं तसे ते हसत होते. "झालं," म्हणाले. "बापाच्या तोडीचा."

मी खांद्यावरची जोडी भिंतीला टेकवली. त्यांच्या हातातली काठी घेतली आणि आबांची रेघ चार बोटं वर नेली.

मास्तर चमकले. "का?"

"मास्तर, मी दूध घेतलं न्हाई, ते तुमच्या धाकानं. तुमी संध्याकाळी इथं बसून हिसाब मांडणार, हे मला ठाव व्हतं. आबांना काय ठाव व्हतं? त्यांचा हिसाब कोण मांडणार व्हतं? त्यांनी मायला सांगितलं न्हाई, वस्तादांना न्हाई, खानांना न्हाई. खान त्यांला भित्रा समजून बसले, तरी न्हाई."

लहानपणी आबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, पैलवानाचा पोरगा म्हणून. ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. बापापेक्षा कमी आहे म्हणून आयुष्यभर जळलो होतो. आणि आता स्वतःच्या हातानं त्याला चार बोटं मोठा केला, तर छाती हलकी झाली.

मास्तरांनी वाकून ती वाढवलेली रेघ बघितली. कोणापेक्षा, असं त्यांनी विचारलं नाही. मग उठले. सवयीनं त्यांचा पाय पुढं आला, रेघांच्या वर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पुसू का, पैलवान?" हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"नका पुसू."

त्यांनी पाय मागं घेतला आणि खोलीत जाऊन दिवा लावला. मी तिथंच बसून राहिलो. माय आतून दुधाची चरवी घेऊन आली, सकाळचीच, पुन्हा तापवलेली. येता येता तिला जमिनीवरच्या रेघा दिसल्या. तिला त्यातलं काय कळलं असेल ते असेल. तिनं लुगड्याचा घोळ वर धरला, रेघांना वळसा घालून माझ्यापाशी आली, आणि चरवी माझ्या हातात दिली.